आवाज कुणाचा?

गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे, आणि त्यातली निदान पंधरा वर्षे 'ध्वनी' हा विषय माझ्या वाट्याला आलेला आहे. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' लिहिला आणि शब्द जे उघड बोलत नाहीत, पण हळूच सुचवून जातात, त्याला काव्यात सर्वांत वरचे स्थान दिले, हे मी दर वर्षी तितक्याच उत्साहाने सांगत असतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर झालेल्या चाचणी परीक्षेत एका विद्यार्थ्याने या प्रश्नाच्या उत्तराला अशी सुरुवात केली होती : "ध्वनी हा रात्री दहा वाजेपर्यंतच करता येतो." पोराने पुस्तक उघडले नव्हते हे उघड होते; वर्तमानपत्र मात्र वाचलेले दिसत होते. मी त्याला शून्य गुण दिले. पुढे पंधरा दिवसांच्या आत माझ्यावर अशी वेळ आली, की आनंदवर्धन बाजूला राहिला आणि त्या पोराच्या उत्तराचाच आधार मला शोधावा लागला.

आमचे बिऱ्हाड पुण्यातल्या एका जुन्या पेठेत, दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली अरुंद गल्ली. गल्लीच्या तोंडाशी आमच्या मंडळाचा गणपती आणि पुढच्या चौकात दुसऱ्या मंडळाचा. त्या वर्षी माझी आई हृदयविकाराचा झटका सोसून गणपतीच्या आधी आठच दिवस इस्पितळातून घरी आली होती. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी दोन औषधे सकाळची, तीन रात्रीची आणि त्याखाली 'पूर्ण विश्रांती' असे लिहून दिले होते. पहिली पाच औषधे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली. सहावे काही मिळेना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मांडवाशेजारी ध्वनिवर्धकांची एक भिंतच उभी राहिली. साडेआठच्या सुमारास ती बोलू लागली. बोलू लागली म्हणणे हा तिचा अपमानच होईल! कपाटातले पेले एकमेकांवर किणकिणू लागले, खिडकीची तावदाने थरथरली, आणि आईने छातीवर हात ठेवला. "अरे, आत कुणीतरी मुसळाने कांडतंय रे," ती म्हणाली. मी चपला पायांत सरकवतो आहे हे पाहून लगेच पुढे म्हणाली, "पण त्या पोरांना काही बोलू नकोस हं."

तिच्या या सांगण्याला कारण होते. ऑगस्टात रात्री दोन वाजता तिला घाम फुटून दरदरून आला, तेव्हा आमच्या जिन्यातून स्ट्रेचर वळेना. मी खाली धावलो. मांडवाचे बांबू उतरवून घेत असलेली मंडळाची चार पोरे एका हाकेसरशी वर आली, आईला लाकडी खुर्चीत बसवून त्यांनी खुर्चीसकट खाली नेले आणि पहाटेपर्यंत इस्पितळाच्या व्हरांड्यात ती माझ्यासोबत बसून राहिली. ज्यांच्या खांद्यांवरून आईचे प्राण खाली उतरले, त्यांच्याच ध्वनिवर्धकापुढे ते आता पुन्हा धडधडत होते. आता कुणावर रागवायचे, ते सांगा!

सौ. व्यवहारी आहे. "अहो, नियम असतात ना काहीतरी? मग पोलिसांना फोन करा," ती म्हणाली. मी आतल्या खोलीत गेलो, दार लावून घेतले आणि फोन केला. पलीकडच्या गृहस्थाने सौजन्याने विचारले, "तक्रार कुणाची? नाव, पत्ता सांगा." आवाज कुणाचा हे त्याने अजून विचारले नव्हते. त्याला आधी तक्रार कुणाची ते हवे होते. माझ्या डोळ्यांसमोर ती लाकडी खुर्ची उभी राहिली आणि त्याच वेळी, खरे सांगायचे तर, खाली उभी असलेली माझी स्कूटरही उभी राहिली. मी फोन ठेवून दिला. मग आईच्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि तिचा हात धरून बसून राहिलो.

कागदावरचे नियम

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी ते नियम शोधून काढले आणि वाचायला बसलो. काव्यशास्त्राच्या प्राध्यापकाने ते वाचावेत असे कुणी त्यांत लिहिलेले नाही. परंतु प्रत्येक संसारी माणसाने एकदा वाचावेत असे मात्र मी म्हणेन.

हे नियम केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ फेब्रुवारी २००० रोजी जाहीर केले. त्यांनी गावाचे चार भाग मानले आहेत. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, आणि रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये यांच्या भोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. (२०१७ साली यात एक मेख मारली गेली : राज्य सरकारने जाहीर केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही.) शंभर मीटरांचे हे वर्तुळ वाचताना मला आईची आठवण झाली. रुग्ण इस्पितळात असतो तोवर ते त्याच्याभोवती असते. तो घरी आला, की वर्तुळ मागेच राहते. घरी आलेल्या रुग्णाच्या वाट्याला मग निवासी भागाचे पंचावन्न डेसिबल तेवढे उरतात.

हे डेसिबल प्रकरण मात्र फसवे आहे. आपल्याला वाटते, पंचावन्न म्हणजे पन्नासाहून थोडेसे जास्त, दुधाच्या मापासारखे. तसे नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, वीस वाढले की शंभरपट आणि तीस वाढले की हजारपट. माणसे साधे बोलतात तो आवाज साठाच्या आसपास असतो. निवासी वस्तीत ध्वनिवर्धक लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर तो दिवसा फार तर पासष्टापर्यंत जावा असा नियम आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी शिकवल्याप्रमाणे मी आमच्या गॅलरीत फोन धरून पाहिला होता; आकडा पंचाण्णवाच्या घरात नाचत होता. फोनमधला आकडा काही सोनाराच्या काट्यावर तोललेला नसतो हे कबूल. पण त्यात पाच-दहांची चूक धरली तरी आमच्या गल्लीत परवानगीच्या शेकडोपट ध्वनी वाहत होता.

दुसरा गैरसमज वेळेचा. दहाच्या आत काहीही चालते असे आपण धरून चालतो. माझा शून्य गुणांचा विद्यार्थी तसेच समजत होता, आणि मीही. परंतु दहाची मर्यादा ही ध्वनिवर्धक बंद करण्याची आहे. दहाच्या आधीही पोलिसांची लेखी परवानगी आणि डेसिबलांची मर्यादा या दोन्ही गोष्टी लागतातच. तसेच त्या गाजलेल्या सवलतीचे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या निमित्ताने, राज्य सरकार दहाऐवजी रात्री बारापर्यंत ध्वनिवर्धकाला मुभा देऊ शकते. आपल्याकडे गणेशोत्सवातले काही दिवस त्यांत असतात. पण ही सवलत घड्याळातल्या काट्यापुरती आहे. आवाजाचा काटा वर न्यायला त्या पंधरा दिवसांतही मुभा नाही.

आणि हे पाहायचे कुणी? इथे आपण बहुतेक जण चुकतो आणि महापालिकेच्या नावाने बोटे मोडतो. महापालिका रस्त्यावरच्या मांडवाला परवानगी देते. आवाजाची परवानगी, तपासणी आणि बंदी हे काम मुख्यतः पोलिसांचे. पोलिसांना तो अधिकार नवा नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ३८ व्या कलमातही त्रासदायक संगीत, आवाज वा गोंगाट थांबवण्याची तरतूद आहे. म्हणजे नियमांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता.

एका मुलीची हाक

हे सगळे वाचताना मी सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालपत्रापाशी आलो आणि थांबलो. सणासुदीच्या अंकात लिहावे की नाही असा मला संकोच वाटला. पण लिहिले पाहिजे. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडली. शेजारी ध्वनिवर्धकावर गाणी चालू होती, म्हणून तिची हाक कुणालाही ऐकू आली नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. ती बातमी वाचून अनिल मित्तल नावाच्या एका अभियंत्याने, त्या मुलीशी कसलेही नाते नसताना, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल सात वर्षांनी लागला. भाषणस्वातंत्र्य सर्वांना आहे. परंतु ध्वनियंत्र लावून आपला आवाज नको असलेल्याच्या कानांत कोंबण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, आणि शांतपणे जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी ऐंशीच्या दशकातच गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. पुढे सुमैरा अब्दुलअली यांनी हातात ध्वनिमापक घेऊन वर्षानुवर्षे रस्तोरस्ती आकडे टिपले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निर्णय दिला. ठाण्यांना ध्वनिमापके द्या, तक्रार फोनवरूनही घ्या आणि तक्रार करणाराची ओळख फोडू नका, असे त्यात बजावले होते.

म्हणजे मी तो फोन केला त्याच्या आठ वर्षे आधी माझ्या भीतीची दखल न्यायालयाने घेतली होती! दूरच्या न्यायमूर्तींना जे ठाऊक होते, ते माझ्या गल्लीत मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. आवाज करणाराला आपले नाव मोठ्या अक्षरांत फलकावर लावता येते. आवाज नको असणाराला ते दाराआड कुजबुजावे लागते. नियम अडतो तो इथे. आवाज डेसिबलात मोजता येतो. शेजाऱ्याशी उद्या बोलणे बंद होईल ही धास्ती कुठल्या यंत्राने मोजायची?

मांडवात

संध्याकाळी मी मांडवात गेलो. मंडळाचा अध्यक्ष हा दहा वर्षांपूर्वीचा माझा विद्यार्थी. त्याने खुर्ची पुसून पुढे केली, प्रसाद हातावर ठेवला आणि पहिले वाक्य विचारले, "आजी कशा आहेत, सर?" मी घरून पाठ करून नेलेली सगळी कलमे त्या एका प्रश्नाने विरघळली. मी एवढेच म्हणालो, "काल रात्री ती झोपली नाही रे."

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "सर, तुम्ही कालच का नाही आलात?"

"भीती वाटली," मी म्हणालो. खोटे बोलणे त्या मूर्तीसमोर जमले नाही.

"कुणाची? आमची?" तो हसला, पण ते हसू काही खरे नव्हते. "सर, एवढा आवाज आम्हाला तरी कुठे हवा आहे? रात्री घरी गेल्यावर माझेच कान दोन तास वाजत असतात. पण चौकातल्यांनी चार खोकी लावली की आमची पोरं म्हणतात, आपण सहा लावू. आम्ही सहा लावली की ते आठ आणतात. वर्गणीतला निम्मा पैसा त्या खोक्यांच्या भाड्यात जातो. मी एकट्याने कमी केला तर उद्या पोरं म्हणतील, अध्यक्ष घाबरला. पोलिसांनी एकाच दिवशी दोघांचाही उतरवला ना, तर मी पेढे वाटीन!"

नियम कशासाठी असतो हे मला त्या दिवशी एका तिशीतल्या अध्यक्षाने शिकवले. मी समजत होतो, नियम हा त्यांच्याविरुद्ध माझ्या हाती आलेला दंडुका आहे. त्याला मात्र नियम हवा होता तो स्वतःच्या सुटकेसाठी. ज्या चढाओढीतून एकट्याला माघार घेता येत नाही, तिच्यातून दोघांनाही एकदम आणि मानाने बाहेर काढणारी वाट म्हणून. 'मी कमी केला' असे म्हणण्यात त्याला कमीपणा होता; 'नियमच आहे' असे म्हणण्यात नव्हता.

जाता जाता त्याने मला आणखी एक गोष्ट ऐकवली. "रागावू नका सर, पण मे महिन्यात तुमच्या चिरंजीवांची मुंज झाली, तेव्हा सकाळी सात वाजता बँड आमच्याच खिडकीखाली उभा होता. माझी मुलगी तेव्हा बारा दिवसांची होती."

मला ते आठवत होते. बँडवाल्याला 'जरा जोरात वाजवा' असे सांगणारा मीच होतो. बारा दिवसांच्या बाळाला घेऊन त्या माउलीने आतल्या खोलीत दार लावून घेतले असेल, आणि 'सरांना काय बोलायचं' म्हणून गप्प बसली असेल. त्या मे महिन्यात तक्रार कुणाची होती, हे मी कधी विचारलेच नव्हते.

यंदा

त्या रात्री आमच्या मंडळाने खोक्यांची तोंडे गल्लीकडून रस्त्याकडे वळवली आणि आवाज निम्म्यावर आणला. चौकातल्या मंडळाने आणला नाही. विसर्जनाच्या दिवशी तर दोघांनीही सगळे धरबंध सोडले. आईला आम्ही दोन दिवस बहिणीकडे कोथरूडला नेऊन ठेवले. तेव्हा एका भेटीत रामराज्य अवतरले असे कुणी समजू नये.

पुढे २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचा आणखी एक निर्णय आला. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, असे न्यायालयाने त्यात म्हटले आणि तक्रार करणाराचे नाव-गाव विचारत बसू नका, असेही पोलिसांना पुन्हा एकदा सांगितले. मी त्या बातमीचे कात्रण जपून ठेवले. यंदा श्रावणात आम्ही गल्लीतली अकरा बिऱ्हाडे आणि दोन्ही मंडळांचे कार्यकर्ते आमच्या गच्चीवर चहाला जमलो. भांडणे झाली, जुने हिशोब निघाले, माझ्या मुलाच्या मुंजीचा बँडही पुन्हा वाजला. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. दोन्ही मंडळांनी सारखीच, दोन-दोन खोकी लावावीत. रात्री दहाला, आणि सवलतीच्या दिवशी बाराला, ती दोघांनीही एकदम बंद करावीत. आणि काही त्रास झाला तर पोलिसांकडे एकट्या माणसाने न जाता गल्लीच्या नावाने अर्ज जावा, त्यावर अकराही बिऱ्हाडांच्या सह्या असाव्यात. असा अर्ज लिहून, सह्या करून, आम्ही तो अध्यक्षाच्याच हवाली केला. "गरज पडली तर तूच नेऊन दे," असे त्याला सांगितले.

गरज एकदाच पडली. पाचव्या दिवशी चौकातल्यांनी तिसरे खोके आणले. अध्यक्ष तो कागद खिशात घालून चौकात गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. खोके गेले होते. कागद खिशातून बाहेर काढावा लागला की नाही, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या संध्याकाळी आई पहिल्यांदाच गॅलरीत येऊन बसली. खाली पोरे टाळ्या आणि झांजा वाजवत आरती म्हणत होती. "कोण तो बेसूर म्हणतोय?" तिने विचारले. तिला बेसूर कोण ते ओळखू आले, यातच मला सारे पावले!

गणपतीनंतर एका रात्री, सव्वाअकराच्या सुमारास, पलीकडच्या रस्त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा ध्वनिवर्धक उघड्यावर दणाणू लागला. तिथे आमचा गल्लीचा अर्ज चालणारा नव्हता. मी फोन उचलला, या खेपेला बाहेरच्या खोलीत, सर्वांसमोर. पलीकडून विचारणा झाली, "कुठे चालू आहे आवाज?" नाव कुणी विचारले नाही. पत्ता सांगून झाल्यावर मीच म्हणालो, "आणि माझे नाव लिहून घ्या." सौ. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. वीस मिनिटांनी आवाज थांबला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फराळाची ताटे भरलेली असतील आणि मुलांच्या पिशव्या फटाक्यांनी. त्याच नियमांत फटाक्यांचेही कलम आहे : रात्री दहा ते सकाळी सहा, आवाजाचे फटाके उडवायचे नाहीत. मी यंदा चिरंजीवांना घड्याळ दाखवून ठेवले आहे. तो म्हणाला, "बाबा, शेजारचे सगळे उडवतात." मला मांडवातला अध्यक्ष आठवला. मी त्याला म्हटले, "मग शेजारच्यांनाही सांगून ये, नियमच आहे म्हणून. आणि विचारले कुणी सांगितले, तर बाबांचे नाव सांग."